बांगड्या कोण काढणार?

मनगटावर टॉवेल टाकला, कांताबाईनं चिमटा उचलला, मी म्हटलं, "धरा हात." त्यासरशी शीला स्ट्रेचरवरून उतरली आणि थिएटरच्या दारातून बाहेर चालायला लागली. नऊ महिन्यांची गरोदर, पायांवर सूज, बीपी एकशे सत्तर. तरी इतकी झपाट्यानं गेली की आम्ही दोघी बघतच राहिलो.

मी थिएटर सिस्टर. वर्धा जिल्ह्यातल्या एका छोट्या दवाखान्यात एकोणतीस वर्षं ऑपरेशनची तयारी करते. कांताबाई आमची जुनी आया, जवळजवळ माझ्याइतकीच जुनी. ऑपरेशनआधी काचेच्या बांगड्या काढायच्या हा नियम. फुटली तर पेशंटलाच लागते, शिवाय सलाईन लावायला मनगट मोकळं हवं. अडचण अशी की सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला बांगड्या भरतात आणि नवव्यात हात सुजतात. मग त्या निघत नाहीत. आमचा ठरलेला उपाय होता: टॉवेल टाकायचा, हात धरायचे आणि चिमट्यानं ठोकायचं. 'फोडा' म्हणायचं नाही, अशुभ. 'वाढवा' म्हणायचं. शब्द गोड, काम तेच. कुणी रडली की मी म्हणायची, "पोरगं होऊ दे, डझनभर भर!"

शीला वऱ्हांड्याच्या टोकाला जमिनीवर बसली होती. दोन्ही हात काखेत दाबून. सासू बिचारी तिच्यासमोर हात जोडून उभी.

डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. "सिस्टर, बीपी उतरत नाहीये. लघवीत प्रोटीन आहे. झटका आला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका. अर्ध्या तासात मला ती टेबलवर पाहिजे."

मी गेले आणि मला जे येतं ते केलं. म्हणजे रागावले. "बाळाले काही झालं तर कोन जबाबदार? अक्कल हाय का?"

"मले नाई करायचं ऑपरेशन," ती म्हणाली. आणि अंग चोरून भिंतीला टेकली.

तिच्या डोळ्यांत हट्ट नव्हता. निव्वळ भीती होती. आणि ती ऑपरेशनची नव्हती, माझी होती.

दोनेक महिन्यांपूर्वी नागपूरहून एक मॅडम ट्रेनिंगला आल्या होत्या. विषय होता ट्रॉमा इन्फॉर्म्ड केअर. म्हणजे काय, तर समोरच्या पेशंटनं पूर्वी काही भोगलेलं असू शकतं हे धरूनच वागायचं. हात लावण्याआधी सांगायचं, विचारायचं, जमेल तेवढं त्याच्या हातात ठेवायचं. मी मागच्या रांगेत आलूबोंडा खात होते. कांताबाईला म्हटलंही होतं, "इथं स्ट्रेचर भेटत नाई, अन् ह्या परवानगी घ्या म्हनतात."

आता दुसरं काही सुचेना. म्हणून मी तिच्यापासून हातभर अंतरावर खाली बसले.

"शीला, तुहा हात कोनी नाई धरनार. माहा शब्द. कसं केलं तर जमन, तूच सांग."

घड्याळाकडे बघायचं नाही, असं मी स्वतःला बजावत होते. मग ती म्हणाली, "त्या दिवशी असंच धरलं होतं चार बायायनं. मी 'सोडा, सोडा' म्हनून राह्यली होती. कोनी ऐकलंच नाई."

कोणत्या दिवशी, ते मी विचारलं नाही. केस पेपर माझ्या हातातच होता. दुसरं लग्न, पहिला नवरा वारला, असं त्यावर स्वच्छ लिहिलं होतं. सकाळपासून मी तो दोनदा वाचला होता आणि फक्त रक्तगट पाहिला होता. मला माझीच लाज वाटली.

"मंग कशा काढायच्या?"

"एक पन्नी द्या. आमच्या जाम गावचा बांगडीवाला हातावर पन्नी घालूनच भरते. माह्या हातानं काढीन."

पन्नी म्हणजे आपली प्लास्टिकची पिशवी. कांताबाईनं ती आणली, साबण आणला. मी शीलाला विचारून बीपीचं इंजेक्शन तिथंच दिलं. शीला हातावर पन्नी चढवून एकेक बांगडी सरकवायला लागली. डॉक्टर मॅडमनी दारातून डोकावलं.

"सिस्टर, किती वेळ?"

"पाच मिनिटं. तीच काढून राह्यली, मॅडम."

मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि त्या आत गेल्या.

डाव्या हातातल्या दोन काही केल्या निघेनात. शीलानं माझ्याकडे पाहिलं. मी त्यांवर कापूस गुंडाळून पट्टी चिकटवली, सलाईन उजव्या हाताला लावलं. चालतं तसं. आधीही चाललं असतं. पण चिमटा हाताशी असल्यावर डोकं कोण चालवतो?

थिएटरमध्ये ती स्वतःच्या पायांनी आली. मुलगी झाली, दोन किलो चारशे. जन्मताच असा आवाज लावला की भूल देणारे डॉक्टरही हसले. तिसऱ्या दिवशी शीलाचं बीपी आटोक्यात आलं.

तयारीच्या कागदावर मी एक ओळ वाढवली: बांगड्या कोण काढणार, पेशंटला विचारणे. मॅडमनी सही केली. कांताबाईला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून तिला ती वाचून दाखवली.

ती टॉवेलांच्या घड्या करत होती. मान वर न करता म्हणाली, "माह्याही अशाच फोडल्या होत्या, सिस्टर. रडूबी आलं नव्हतं मले अजून, तवाच."

तिचा नवरा गेला तेव्हा मी इथं नवीन होते. तिच्या रजेचा अर्ज मीच लिहून दिला होता. पंधरा दिवसांनी ती परत आली, आणि तेव्हापासून बाकीच्या बायकांच्या बांगड्यांसाठी चिमटा मी तिच्याच हातात देत आले.

"बोलली काऊन नाई कधी?"

"इचारलं कोनी?"

मग मी विचारलं, हे काम तुला नको का.

"करीन," ती म्हणाली. "पन चिमटा नाई."

विचारायला अर्धं मिनिट लागतं. मला एकोणतीस वर्षं लागली.