बिनखुणेचा डबा

"तुमचं ह्यात काय?"

नमस्काराला, चौकशीला, चहाच्या आमंत्रणालाही आमच्या समोरच्या गृहस्थांचं हेच उत्तर असे. मान किंचित तिरकी, डावा डोळा बारीक आणि हात खिशावर. एसटीत तिकिटं तपासण्यात त्यांची हयात गेली होती. नोकरी सुटली, तपासणी सुटली नाही. मंडईत कोथिंबिरीची जुडीसुद्धा उलटी करून बघायचे. गल्लीनं त्यांचं नाव ठेवलं होतं चेकर.

आता तुम्हीच सांगा, असा माणूस टॉवेलात काहीतरी गुंडाळून, मागं वळून वळून बघत घराबाहेर पडत असेल, तर समोर राहणाऱ्यानं करायचं काय? नव्वदीचं दशक होतं, घरोघरी टीव्हीवर मालिका चालू होत्या. पण माझी मालिका समोरच्या दारात होती. एका रविवारी मी चेकरांच्या मागोमाग जुन्या बाजारात शिरलो आणि रद्दी चाळण्याचं नाटक करत उभा राहिलो.

आडोशाला वळून त्यांनी टॉवेल सोडला. आतून निघाला मालगाडीचा डबा! वीतभरही नाही, परदेशी बनावटीचा, खेळण्यातल्या रुळांवर धावणारा. एक चाक गायब. त्यांनी दोरीनं माप घेतलं, डबा पुन्हा गुंडाळला आणि भंगारवाल्याकडं गेले.

"घड्याळाचं एवढं चाक हाय का?"

"कुठल्या घड्याळाचं?"

"तुमचं ह्यात काय?"

मग मला बघून म्हणाले, "कुणी पाठवलं तुमाला?"

पुढं ओळख वाढली तसा उलगडा झाला. अख्खी मालगाडी त्यांना याच बाजारात जुनी म्हणून मिळाली होती. इंजिन धडधाकट, डबे सगळे लंगडे. सुटे भाग कोल्हापुरात मिळेनात, आणि पुण्या-मुंबईचे दुकानदार नवी गाडी घ्या म्हणत. मग हे वेगवेगळ्या दुकानांत वेगवेगळं खोटं बोलून भाग जमवायचे. डबे जोडायला त्यांना ब्लाउजचे हूक पसंत पडले. मापासाठी एकेक हूक डोळ्याजवळ धरून बघणाऱ्या साठीच्या गृहस्थाकडं दुकानातल्या बायका कशा बघत, ते मी पाहिलंय. चेकर मात्र त्यांच्यावरच संशय घेत.

"गाडी बघू द्या की एकदा," मी म्हणायचो.

"गार्डाचा डबा लागल्याबिगर गाडी पुरी न्हाय. अपुरी दावत न्हाय."

गार्डाच्या डब्याला एकही चाक नव्हतं. तो एक डबा पुरा करायचा, बाकी आयुष्यात त्यांना काही मागायचं उरलं नव्हतं.

उद्यमनगरात पंपाचे भाग करणारे एक मुसलमान मिस्त्री होते. एवढंसं चाक लेथवर करायला तेवढे एकटे तयार झाले. चेकरांनी आधी पारख म्हणून एका वाघिणीचं, म्हणजे मालाच्या डब्याचं, गंजलेलं, डुगडुगणारं चाक त्यांना दुरुस्तीला दिलं. देण्याआधी घरी सुईनं त्यावर बारीक फुली ओढली. आणायला गेले तेव्हा मी सोबत होतो. चाक चांदीसारखं चमकत होतं. चेकरांनी भिंग लावलं आणि ओरडले, "माझं चाक कुठाय?"

"हेच की ओ सायेब. गंज हुता, घासून दिलंय."

"खूण कुठाय?"

"कसली खूण?"

"मी केल्याली!"

"मग मला सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगून केली तर ती खूण कसली?"

मिस्त्रींनी लेथ बंद केलं. "सायेब, तुमी दुसरीकडं जावा."

गेले की! पण दुसऱ्यांनी हातानं घासून केलेल्या चाकांवर गार्डाचा डबा वळणावर पडायचा. असं वर्षभर चाललं. एकदा उन्हात उंबऱ्यावर बसून त्यांनी मला हाक मारली. हातात ते चमकणारं चाक आणि त्याच्या जोडीचं दुसरं.

"बघा. दोन्ही एकाच अंगानं झिजल्यात. त्यानं नवं घातलं असतं, तर ते आधीच कसं झिजलं असतं?"

एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच स्वतःच्या विरोधात तपास करताना बघत होतो.

दुसऱ्याच दिवशी आम्ही उद्यमनगरात. त्यांनी गार्डाचा डबा मिस्त्रींपुढं ठेवला. मिस्त्रींनी तो उलटा केला, खालून, वरून, आतून पाहिला.

"खूण केली न्हाईसा?"

"न्हाय."

"का?"

"तुमी घासून टाकता."

मिस्त्री इतके हसले की त्यांना लेथ धरावं लागलं. चेकर हसले नाहीत. पण जाताना त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

चाकं तयार व्हायच्या आतच एका दुपारी चेकर जिन्यात टेकले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

काही दिवसांनी मिस्त्री डबा घेऊन आले. चेकरांच्या पत्नीनं, म्हणजे वहिनींनी, आतली खोली उघडली. आडव्या टाकलेल्या जुन्या दारावर रूळ मांडलेले होते. मिस्त्रींनी शेवटच्या वाघिणीच्या हुकात डबा अडकवला, वहिनींनी बटण दाबलं. गाडी वळणावर आली. डबा पडला नाही. गाडी बराच वेळ फिरत राहिली, ती थांबवायला कुणाचाच हात पुढं होईना.

शेवटी वहिनींनी ती थांबवली, गार्डाचा डबा सोडवला, त्याच टॉवेलात गुंडाळला आणि मिस्त्रींच्या हातात ठेवला. "तुमच्याकडंच असू दे."

तो आता लेथवरच्या फळीवर असतो. पंपाचं काम घेऊन आलेला कुणीतरी उचलून विचारतोच, "काय मिस्त्री, ह्यो डबा कुणाचा?"

मिस्त्री मान किंचित तिरकी करतात. डावा डोळा बारीक.

"तुमचं ह्यात काय, पावणं?"