तिसरी ‘ब’मधली मुलगी

आमच्या मुलीला आम्ही शाळेत घातलं नव्हतं. आज हे वाक्य मी सहज लिहितोय, पण नव्वदच्या दशकात सातपूरला राहत असताना ते मला एकदाही चारचौघांत म्हणता आलं नाही.

निर्णय दोघांचा होता. बायको डी.एड. झालेली. तीन वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून तिने नोकरी सोडली, कारण हात पुढे करून छडीची वाट बघणारी मुलं तिला बघवेनात. “आपली घरीच शिकेल, आणि तिला वाटेल तेव्हा,” ती म्हणाली. मी हो म्हणालो, अगदी मनापासून. मुलगी सात वर्षांची होईपर्यंत वाचत नव्हती. मग एका उन्हाळ्यात दुकानांच्या पाट्या वाचत सुटली. मखमलाबादला बायकोच्या ओळखीच्या एक काकू होत्या, त्यांचा भाजीचा मळा होता. त्यांच्यासोबत कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता ती मोजायला शिकली. घरात कोणी तिला ‘अभ्यासाला बस’ असं म्हणत नव्हतं.

लोकांना हे पटत नव्हतं. माझा मोठा भाऊ म्हणाला, “प्रयोग तुमचे, पण आयुष्य तिचं आहे.” खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात अडवून तिला सातचा पाढा म्हणायला सांगायच्या. बायको शांतपणे म्हणायची, “तो नाही येत तिला अजून. पक्ष्यांचं काही विचारा, सांगेल ती.” मी तिच्या मागे उभा राहून उगाच चपला शोधायचो.

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक सहकारी बसायचा. सायखेड्याचा, मनाने सरळ माणूस. जून महिना होता, बसमध्ये सगळीकडे वह्या, दप्तरं, ॲडमिशन यांचीच चर्चा. त्याने विचारलं, “तुझी कितवीला गेली रे?”

“तिसरीला.”

“कोणत्या शाळेत?”

गंगापूर रोडवरच्या एका शाळेचं नाव तोंडातून गेलं. “तिसरी ब,” असंही मी पुढे जोडलं. कोणी विचारलं नसताना.

त्या गणपतीत तो बायकोला घेऊन आमच्याकडे आला. मी मुलीला काही सांगून ठेवलं नव्हतं. विषय निघणार नाही असं वाटलं होतं. पण मोदक हातात घेताच त्याने तिलाच विचारलं, “काय मग, तिसरी ब? बाई कशा आहेत तुमच्या?”

बायको स्वयंपाकघरात होती. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी फक्त मान हलवली. आठ वर्षांच्या पोरीला तेवढं पुरलं.

“छान आहेत,” ती म्हणाली. “त्यांना खोकला आहे, पण रागावत नाहीत. चित्र चुकलं तरी फाडत नाहीत.”

“लय हुशार हाय पोरगी,” तो मला म्हणाला.

पाहुणे गेल्यावर तिने मला गॅलरीत गाठलं. “बाबा, माझी शाळा कुठंय?”

पुढच्या रविवारी मी तिला स्कूटरवर बसवून शाळा दाखवून आणली. कुणी विचारलं तर माहीत हवा म्हणून तिने गेटचा रंग लक्षात ठेवला. झाडं मोजली. वाटेत मी तिला म्हणालो, “आईला नको सांगूस.” जिच्याकडून आम्ही कधी काही पाठ करून घेतलं नव्हतं, तिला मी ही एवढी एक गोष्ट पाठ करायला लावली.

दोन वर्षं असंच चाललं. तो भेटला की विचारायचा, ती सांगायची. तिसरीची चौथी झाली, चौथीची पाचवी.

मग एका सकाळी बसमध्ये बसल्या बसल्या तो म्हणाला, “अरे, त्या शाळेत तुझ्या मुलीचं नावच नाय.”

मी सगळं सांगून टाकलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “माझी धाकटी वर्षभर रोज शाळेत जायच्या आधी ओकती. डॉक्टर झाले, त्र्यंबकला जाऊन नवस बोललो. तुझी पोरगी त्या शाळेत एवढी खूश दिसली, म्हणून तिला तिथं घातली काल. पोराला घरी ठेवता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.”

“अजून उशीर नाही झालेला,” मी म्हणालो. “माझ्या बायकोशी बोल. ती सगळं सांगेल.”

“आता तुमच्या घरचं बोलणं माझ्या घरात कोण खरं मानील?” तो रागावला नव्हता, तेच जास्त लागलं. त्याची मुलगी नव्या शाळेतही तशीच आजारी पडत राहिली, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. तो माझ्या शेजारीच बसत राहिला, पण घरचं काही सांगेनासा झाला.

बसमध्ये हे बोलणं झालं त्याच संध्याकाळी मी बायकोला सांगितलं. ती भांडली नाही. “दोन वर्षं?” एवढंच म्हणाली, आणि मुलीच्या शेजारी जाऊन बसली.

मुलीने पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली, कॉलेज केलं. तिचं काही अडलं नाही, असं आता तेच नातेवाईक कौतुकाने सांगतात. काही वर्षांपूर्वी मी तिची माफी मागितली. म्हणालो, तुला खोटं बोलायला लावलं.

ती म्हणाली, “खोट्याचं काही नाही हो बाबा. मला वाटायचं, शाळेत न जाणं ही लाजेची गोष्ट आहे, हे तुम्हाला आणि मला माहीत आहे, फक्त आईला कळलेलं नाही. आईला ते कुणाकडून कळू नये म्हणून जपायचे मी.”

तेव्हा मला उमगलं, तिथे कुणी आईसमोरच शाळेचं विचारेल या धास्तीने त्या दोन वर्षांत ती आईबरोबर काकूंच्या मळ्यात जायचं टाळू लागली होती. आम्ही ते वाढत्या वयाचं लक्षण समजत होतो.