अप्पांच्या गाडीचा ब्रेक

“लागतो की. जरा दमानं लागतो, पण लागतो.”

ब्रेकचं विचारलं की अप्पांचं हे ठरलेलं उत्तर. आणि ते देताना उभ्या उभ्या उजवा पाय जमिनीवर दोन-तीनदा दाबायचे, पेडल तिथंच असल्यासारखं. त्यांची जुनी पिकअप आमच्या दुकानासमोर थांबायची नाही, टेकायची. लांबूनच ते इंजिन बंद करायचे, गाडी घरंगळत यायची आणि आम्ही खास तिच्यासाठी टाकून ठेवलेल्या टायरला नाक लावून उभी राहायची. मग दार उघडून अप्पा उतरायचे. पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. “शरणार्थी बाई,” हा त्यांचा लिंगायती नमस्कार. “धनी हायत का?”

आमचं दुकान लातुरात, नांदेड रोडला. मागच्या शेडमध्ये आमचे हे फक्त ब्रेकचं काम करतात आणि पुढं काउंटरवर मी ब्रेकचं सामान विकते. लायनर, रबर किट, ब्रेक ऑईल. नवीन गिऱ्हाईक येतं, डब्यांमागं साडीतली बाई बघतं आणि विचारतं, “कुणी माणूस नाही का?” मी म्हणते, “मग मी काय म्हैस आहे?” अप्पांनी मात्र हे कधी विचारलं नाही. गाडीचं काम होईपर्यंत ते माझ्यासमोरच्या स्टुलावर बसायचे आणि गावोगावच्या बातम्या सांगायचे.

रेणापूरकडच्या एका गावात त्यांचा करडईचा घाणा होता. तेलाचे डबे गाडीत टाकून ते आठवडी बाजार करायचे आणि वाटेतल्या घरांना दारात नेऊन तेल द्यायचे. तेलाचा अभिमान म्हणाल तर विचारू नका. “आमच्या तेलात भेसळ दाखवा अन् घाणा घिऊन जा,” असं ते कुणालाही सांगत, कुणी शंका काढलेली नसली तरी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा लातूरला एका कचेरीत नोकरीला, तो इकडंच राहायचा. एकदा मी म्हटलं, “अप्पा, आता वय झालं, एखादा ड्रायव्हर ठेवा.” तर म्हणाले, “अन् मी काय करू? घरी कोण हाय, भिंती. गाडीत बसलो की धा गावची माणसं बोलतात बघ.”

एका बाजाराच्या दिवशी गाडी दमानंसुद्धा थांबली नाही. उतारावरून घरंगळत ती गर्दीत शिरली आणि एका बांगड्यांच्या गाड्याला धडकून उभी राहिली. माणसं वेळीच बाजूला झाली म्हणून बरं, फुटल्या त्या बांगड्याच. दुसऱ्या दिवशी अप्पांचा मुलगा आमच्या दुकानात आला. शांत माणूस, पण चेहरा उतरलेला. म्हणाला, “वहिनी, चांगल्यात चांगले ब्रेक बसवा. आता जर परत ब्रेक गेले, तर गाडी भंगारात आणि अप्पा घरात.” अप्पा स्टुलावर बसून सगळं ऐकत होते.

ह्यांनी मन लावून काम केलं. पुढच्या चाकांचे जुने ड्रम काढून डिस्क बसवल्या, पाय हलका पडावा म्हणून बूस्टर लावला, पेडलचा दाब चाकांकडं ढकलणारा मास्टर सिलिंडर नवा, पाइप नवे, मागं नवे लायनर. गाडी तीच, ते सोलवटलेलं निळं टपही तेच, पण ब्रेक असा की बोट ठेवावं आणि गाडीनं ऐकावं.

आठच दिवसांत अप्पा तक्रार घेऊन हजर. “हे काय लावून दिलं बाई? थांब म्हणायच्या आधीच थांबायली. मी सवयीनं दोन-तीनदा हाणतो अन् मागचे डबे हुंदडत पुढं येतात. काल एक डबा तर केबिनला डोकं लावून बसला.” त्यांचं सगळं ड्रायव्हिंग त्या वाईट ब्रेकवर उभं होतं हो. कुठल्या गावाच्या कुठल्या झाडापाशी पाय दाबायला सुरुवात करायची हे पायाला पाठ. आता पायाला काहीच कळेना. मी हसले, तेही हसले. हळूहळू पाय शिकला.

आणि मग सुरू झाला तो घोळ.

एक दिवस गाडी आली ती चाकं धरूनच. ब्रेक लागतोय म्हणण्यापेक्षा सुटतच नव्हता. डिस्क इतक्या तापलेल्या की जवळ उभं राहवेना. ह्यांनी खोललं, तर मास्टर सिलिंडरमधले रबर फुगलेले. नवे रबर. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण रबर मी मागवलेले. मी डब्यावरचं लेबल दाखवलं, दुसऱ्या गाड्यांना तेच घातलंय म्हणून सांगितलं. रबर बदलले. काही आठवड्यांनी परत तेच. ह्यांची झोप उडाली. जेवताना मधेच घास हातात धरून म्हणायचे, “पण फुगतंय कशानं?” मला वाटायचं ह्यांचं काम चुकलं, ह्यांना वाटायचं माझं सामान चुकलं, आणि घरात आम्ही दोघं एकमेकांशी तिऱ्हाइतासारखं बोलायला लागलो. बाजारात कुणीतरी म्हणालंच, “त्यांच्याकडं काम करून चाकं जाम होतात म्हणे.” ब्रेकवाल्याचं नाव एकदा असं गेलं की संपलं.

अप्पा मात्र आम्हालाच धीर द्यायचे. “होईल नीट. फिकीर करू नका. मी काळजी घ्यायलो गाडीची.” पण स्टुलावर बसल्या बसल्या त्यांची बोटं गळ्यातल्या डबीशी चाळा करत राहायची. मुलाची अट ते विसरले नव्हते.

तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा मी दुपारचा डबा उघडून बसले होते. हे आतून तावातावानं आले आणि फुगलेला रबर फडक्यासकट माझ्यासमोर ठेवला. “बघ तुझा माल.” मी फडकं बाजूला सारायला उचललं आणि थांबले. परत नाकाशी नेलं. चटणीवर कच्चं करडईचं तेल घेऊन मी लहानाची मोठी झालेय, तो वास मला झोपेतही कळेल.

“अहो, हे करडईचं तेल आहे.”

“डोकं फिरलं का तुझं?”

“वास घ्या. माझ्या डब्याचा नाही, फडक्याचा.”

ह्यांनी वास घेतला. मग आम्ही दोघांनी एकदमच स्टुलाकडं बघितलं.

“अप्पा,” मी विचारलं, “ब्रेकच्या टाकीत तुम्ही काही टाकता का?”

“टाकतो की,” अप्पा सरळ म्हणाले. “घाण्याची पहिली धार महादेवाच्या समईला, दुसरी गाडीला. बाप होता तवापासून हाय हे. तवा बैलगाडी होती, चाकाच्या आखाला घालायचो. ह्या गाडीत कुठं घालावं कळंना. ते पांढरं डबडं वरच हाय, झाकण बी हातानं निघतंय. तुम्ही एवढं नवं काम केलं, म्हणलं चार थेंब जास्तच घालावं.”

हे अप्पांसमोर खाली बसले. मला हसावं की रडावं कळेना. ह्यांनी मग समजावून सांगितलं, की ब्रेकचं ऑईल वेगळं असतं, दुसरं कुठलंही तेल पडलं की रबर फुगतो, आणि फुगलेला रबर ब्रेक सोडत नाही, एखाद्या दिवशी धरणारही नाही. अप्पा लक्ष देऊन ऐकत होते, पण त्यांच्या कपाळावरची आठी काही जाईना.

“भेसळीनं बिघडतं, ते ठाव हाय,” ते म्हणाले. “चोख तेलानं कसं बिघडंल?”

ह्याला आमच्याकडं उत्तर होतं, पण त्यांच्यापर्यंत पोचेल असं नव्हतं.

नेमका तेवढ्यात मुलगा आला. गाडी परत आमच्या दारात आहे हे त्याला रस्त्यावरच कुणीतरी सांगितलं होतं. “वहिनी, आज खरं काय ते सांगा. तुमचं काम कच्चं आहे की गाडीच संपलीय?”

खरं सांगावं तर अप्पांची किल्ली जाणार. मी अप्पांकडं बघितलं नाही. मी म्हणाले, “रबराचा एक लॉट खराब आला होता. आता कंपनी बदलतोय.” ह्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी डबा झाकायच्या निमित्तानं मान खाली घातली.

“म्हणजे खराब माल घालून तुम्ही माझ्या वडिलांना रस्त्यावर सोडलं? इतक्यांदा?” त्याचा आवाज चढला. “मी चार लोकांना सांगणार आहे हे.”

“त्यांना बोलू नको.” अप्पा स्टुलावरून उठले. “मीच ओतलं. घरचं तेल. ब्रेकच्या डबड्यात.”

मुलगा त्यांच्याकडं वळला. “कशाला, अप्पा?”

“कशाला म्हणजे, चांगल्यासाठीच. आता मलाच कळंना गेलंय.” त्यांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढून माझ्या काउंटरवर ठेवली. “बाजारात लेकरं बाळं असतात. कशात काय घालावं ते ज्याला कळंना त्यानं चालवू न्हाई.”

मी मधे पडले. म्हटलं, कारण सापडलंय, आता अप्पा परत ओतणार नाहीत, सगळे रबर, पाइप, मास्टर पुन्हा नवे घालू, मग चालवायला काय हरकत आहे? मुलगा हळूच म्हणाला, “वहिनी, आज तेल, उद्या काय?” आणि किल्ली उचलली. तुम्हीच सांगा, ह्यात चुकलं कोण? मुलाची भीती खोटी नव्हती. अप्पांची माया खोटी नव्हती. ते गप्प बसले असते तर गाडी त्यांचीच राहिली असती आणि आमचं नाव गेलं असतं. त्यांनी आमचं नाव ठेवलं. मला ह्याचा आजही नीट उलगडा होत नाही, आणि वाईट तर इतकं वाटतं की बोलून सोय नाही.

मुलानं ड्रायव्हर ठेवला. गाडीच्या ब्रेकनं त्यानंतर कधी कुरकुर केली नाही. तरी अप्पा दर काही महिन्यांनी ड्रायव्हरला घेऊन यायचे, डाव्या बाजूला बसून. “बघा की एकदा. तपासलेलं बरं.”

हे तपासायचे. आणि ऑईलमधली हवा काढायची तर एक माणूस वर बसून पेडल मारायला लागतो. एरवी ते शेजारचा पंक्चरवाला करायचा. अप्पांच्या गाडीला मात्र हे खाली शिरता शिरता म्हणायचे, “अप्पा, तुम्हीच बसा वर.” हवा नसायचीच आत. ब्रेकवाल्याला न कळण्यासारखं ते नव्हतं. पण अप्पा टॉवेल झटकून, धोतर सावरून स्टेअरिंगमागं बसायचे. चारी चाकं जॅकवर. समोर आमच्या शेडची भिंत. तरी दोन्ही हात स्टेअरिंगवर आणि नजर लांब, एखाद्या गावच्या वळणावर असावी तशी.

खालून आवाज यायचा, “मारा… मारा… धरा.” नट ढिला व्हायचा, थोडं ऑईल बाटलीत उतरायचं, नट आवळला की “सोडा.” चारही चाकांना असंच. ह्यांना कधी घाई नसायची.

या उन्हाळ्यात गाडी आली, ती ड्रायव्हर एकटाच घेऊन. मी डाव्या खिडकीकडं बघितलं.

“अप्पा गेले, ताई,” तो म्हणाला. “महिना होत आला. गाडी विकायला काढलीय. ब्रेक तेवढा तपासून द्या, असं धाकटे मालक म्हणालेत.” आणि गाडी शेडमध्ये लावून तो चहाला पलीकडं गेला.

समोरचं गिऱ्हाईक वाटेला लावून मी ह्यांना सांगायला शेडमध्ये गेले, तर गाडी जॅकवर चढवून हे खाली शिरलेसुद्धा होते. नुसते पाय दिसत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात खालून आवाज आला.

“हां, मारा अप्पा.”

मला सांगता येईना. मी पदर खोचला, वर चढले आणि पेडल दाबलं. इतकी वर्षं ब्रेकचं सामान विकतेय, पण ब्रेकवर पाय पहिल्यांदाच ठेवत होते.

“मारा… मारा… धरा.”

“धरलाय,” मी म्हणाले.

खाली पान्याचा आवाज थांबला. मी पेडल दाबून तशीच बसून राहिले. “सोडा” काही आलं नाही.