वजनात भरलेलं माहितीपुस्तक

आमच्या कारखान्यात बनणाऱ्या, टॉवेल विणायच्या मागाचं माहितीपुस्तक मी संगणकावर खुणा घालून लिहिलं होतं: हे शीर्षक, ही पायरी, हा धोका. त्या खुणांचं छापील पुस्तक करणारं सॉफ्टवेअर शोधायला बसलो, तर अख्ख्या सोलापुरात चादरी नसतील एवढी निघाली. प्रत्येकाची तारीफ वाचून माझे निम्मे केस गळाले आणि उरलेले गोंधळले. माग उद्या गिऱ्हाइकाकडे निघणार होता आणि पुस्तकाशिवाय गिऱ्हाईक तो उतरवून घेणार नव्हतं. शेवटी तीन सॉफ्टवेअरमधून एकेक प्रत छापून मालकांपुढे ठेवली.

मालकांनी पान उलटलं नाही. नमुन्याचे टॉवेल तोलायच्या काट्यावर तिन्ही प्रती ठेवल्या.

"हेच घ्या. लई भरतंय की!"

"मालक, त्यानं प्रत्येक धोक्याला मोठ्या अक्षरांत वेगळं पान दिलंय, म्हणून ते फुगलंय."

"मग? पातळ टॉवेल घेतंय का कुणी?"

साक्षीला मी आमच्या म्हाताऱ्या फिटरना बोलावलं. त्यांनी माझं आवडतं सडपातळ पुस्तक डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं आणि खाली ठेवलं. मग ते जाडजूड मागावर उघडं टेकवून चार पावलं मागं गेले आणि तिथून मोठ्यानं वाचलं, "हात घालण्याआधी माग बंद करा."

"हितनं दिसतंय सर. तेलकट हातानं पान धरायला नको."

जाडं पुस्तक मागाबरोबर गेलं. मालक बरोबर ठरले, पण कशामुळं, ते त्यांना अजून कळलेलं नाही आणि मलाही फिटरनी वाचून दाखवेपर्यंत कळलं नव्हतं.