तुम्ही शिकवणार?

"फिर," मॅडम म्हणाल्या. "आता मागून."

माझी मुलगी फिरली. दोन्ही हात बाजूला पसरून. डोळे घट्ट मिटून. मॅडमच्या हातात रूम फ्रेशनरचा डबा होता. त्यांनी तिच्या पाठीवर वरून खालपर्यंत फवारा मारला. मग वेण्यांवर. वर्ग हसत होता. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने नाक चिमटीत धरलेलं.

मी दारात उभी होते. जुई पाण्याची बाटली घरी विसरलेली, ती द्यायला गेलेले. शिपाईकाकांनी ओळखीने वर सोडलं, नाहीतर मला हे कळलंच नसतं. जुईने घरी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. आणि हात कसे पसरायचे ते तिला कुणी सांगितलं नाही. तिला ते माहीत होतं. म्हणजे हे आजचं नव्हतं.

मॅडमना मी दिसले. दचकल्या नाहीत. "बरं झालं आलात. बाकीच्या मुलांना त्रास होतो हो."

"कसला?"

"वासाचा."

आम्ही कोळी. कळव्याच्या खाडीकाठच्या गावठाणातले. नवरा बस डेपोत मेकॅनिक आहे, मी ठाण्यात एका लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट देते. पण सासू अजून मार्केटात मासे विकते. माशांची पाटी डोक्यावर उचलायच्या आधी ती रोज नातीला जवळ घेते. जुई त्या मिठीतून सुटून थेट शाळेच्या व्हॅनमध्ये बसायची. तो वास मिठीचा होता. त्याच्यावर फवारा.

मी वर्गात शिरले. दप्तर उचललं, जुईचा हात धरला. ती अजून हात पसरून उभी होती. तिला वाटलं फवारा संपला नाही.

मुख्याध्यापिका बाईंच्या केबिनमध्ये एसी होता. बाई गोड बोलत होत्या. गोड बोलणारी माणसं मला जास्त बोचतात, कारण त्यांना उलट बोललं की आपणच उद्धट ठरतो.

"पर्सनली घेऊ नका. हायजीनचा विषय आहे. सकाळी नीट आंघोळ घातलीत, तर प्रश्नच येणार नाही."

त्यांच्या मागे भिंतीवर गॅदरिंगचा फोटो होता. कोळीनृत्य. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या मुली, टोपल्यांत प्लास्टिकचे मासे. प्लास्टिकला वास नसतो. ते चालतं. दरवर्षी पहिला नंबर येतो.

"मी तिला काढते शाळेतून," मी म्हणाले.

"वर्षाच्या मध्ये? कोण घेणार तिला?"

"घरी शिकवेन."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग साडीकडे, मग चपलांकडे. आणि हसल्या. खरंच हसू आलं त्यांना, मुद्दाम नाही.

"तुम्ही? तुम्ही शिकवणार?"

मी बी.ए. आहे. आमच्या घरातली पहिली. पण ते मी सांगितलं नाही. चौथी शिकलेली असते तरी मला हेच म्हणायचं होतं. "हो. मी."

घरी येऊन सांगितलं तेव्हा पहिली उखडली ती सासू. मला वाटलेलं, ती मॅडमला शिव्या घालेल. तिने मला घातल्या. "मना त्यांचा काय बोलना नवीन नाय. आमी आयुष्यभर ऐकला. पन पोरीला घरान बसवू नको गो. घरान बसली ती बसलीच." आणि मग आत जाऊन साबणाने हात घासत बसली. दुसऱ्या दिवसापासून तिने जुईला जवळ घेणं बंद केलं. लांबून म्हणायची, "बाय, मी जाते गो." त्या मॅडमनी ते केलं. एका डब्याने.

नवरा म्हणाला, "अगं, माझं इंग्रजी तुला माहितीय. गणित मी घेतो." एवढंच. पण त्याने डेपोत पहिली पाळी मागून घेतली, आणि मी लॅबमध्ये संध्याकाळची. घरात एक जण कायम राहील असं बसवलं. आम्हाला ते बसवता आलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता खरं सांगते. घरी शिकवणं सोपं नाही. व्हिडिओमध्ये दाखवतात तशी मुलं खिडकीत बसून हसत हसत शिकत नाहीत. पहिले काही महिने मी घरात शाळाच उघडली. भिंतीवर टाइमटेबल. अमुक वाजता मराठी, अमुक वाजता परिसर. जुई जांभया द्यायची. मी इंग्रजी वाचून दाखवताना एखाद्या शब्दाला अडले, की माझेच कान गरम व्हायचे. बाईंचं ते "तुम्ही?" कानात वाजायचं. गॅस बारीक करायला उठले की ही खिडकीत. खाली युनिफॉर्ममधली पोरं व्हॅनची वाट बघत असायची. ती त्यांच्याकडे बघायची, मी तिच्याकडे.

एकदा भागाकार चाललेला. मी जरा मोठ्याने म्हणाले, "जुई, उठ. इकडे ये."

ती उठली. माझ्यासमोर आली. आणि तिने दोन्ही हात बाजूला पसरले. डोळे मिटले.

मी ते टाइमटेबल भिंतीवरून ओरबाडून काढलं. पोपडे निघाले. मुलगी शाळेतून काढली होती, शाळा मुलीतून निघाली नव्हती. माझ्यातूनही नव्हती. त्या दिवशी पुस्तक उघडलं नाही. दोघी खाडीवर जाऊन बसलो.

तिथे तिने विचारलं, "काल पाणी या वेळेला वर होतं. आज नाही. का?"

"भरतीची वेळ रोज पुढे सरकते."

"पण का?"

मला माहीत नव्हतं. खाडीवर जन्म गेला माझा. "मला नाही माहीत," म्हणाले. जुईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काहीतरी भलतंच बोलले. "तुला पण नाही माहीत?" आणि हसली. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने हसली. तिच्या वर्गात कुठल्याच मोठ्या माणसाने हे वाक्य उच्चारलं नव्हतं.

मग आम्ही शोधलं. घरी बल्ब, चेंडू, टेबलाखाली अंधार. चंद्र कुठे, पृथ्वी कुठे, पाणी कुणाकडे ओढलं जातं. रोज संध्याकाळी ती चंद्र शोधायची, टॉवरच्या मागून येईपर्यंत गच्चीवर थांबायची. सासू चहाचा कप घेऊन जिन्यात उभी राहून ऐकायची. मग माझ्या सुट्टीच्या एका दिवशी जुई तिलाच घेऊन गच्चीत गेली, हात धरून. सासूने हात काढून घेतला नाही. मी खालूनच बघितलं. असं काही झालं, की वाटायचं बरोबर करतोय आपण. मग पुढचे चार दिवस पोरगी पुस्तकाला हात लावायची नाही आणि मी परत शून्यावर.

तिला सोबत नव्हती, हा सगळ्यात मोठा घोर. बिल्डिंगमधल्या आया म्हणायच्या, "आमच्या पोरांना क्लास असतो गं." म्हणून घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधला ग्रुप शोधला. मुलांना घरी शिकवणारे पालक दर शनिवारी क्लबहाउसमध्ये जमायचे. तिथे मुलं मातीची भांडी करायची, झाडांची नावं शिकायची. जुई लगेच मिसळली. माणसं चांगली होती. हे मुद्दाम सांगते, कारण अपमान करायला वाईट असावं लागत नाही.

एक बाई होत्या, ग्रुप त्याच चालवायच्या. म्हणाल्या, "आम्ही सिस्टीमला कंटाळून काढलं मुलांना. तुम्ही का काढलंत?"

मी सांगितलं. सगळं.

"ओ माय गॉड." त्यांचे डोळे भरून आले. खोटे नव्हते. मग त्या म्हणाल्या, "मला एक आयडिया सुचतेय. पुढच्या शनिवारी आपण सगळ्या मुलांना तुमच्याकडे आणू या. जाळी, मासे, तो वास, सगळं. किती रिच एक्स्पिरिअन्स! आणि जुई, तू तो तुमचा ड्रेस घालशील? नाचून दाखवशील?"

शाळेत ज्या वासावर फवारा मारला, इथे त्याच वासाची सहल काढायची होती. पण मला जुईसाठी मैत्रिणी हव्या होत्या. त्यापायी मी कदाचित मान हलवली असती.

जुईचे हात मातीने भरलेले. तिने वर पाहिलं. "मावशी, मग त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही तुमच्या घरी येऊ का? तुम्ही कसे राहता ते बघायला?"

बाई हसल्या. "अगं, ये ना. पण आमच्याकडे बघण्यासारखं काय आहे?"

"मग नको," जुई म्हणाली. आणि हात धुवायला गेली.

उद्धटपणा नव्हता त्यात. रागही नव्हता. हिशेब बरोबर आला नाही म्हणून पोरगी उठली. मी तिच्या वयाची असताना नाचले असते. ड्रेस घालून, गजरा माळून, टाळ्या मिळाल्या म्हणून खूश होऊन. घरी परतताना मी तिला काही शिकवलं नाही. त्या दिवशी शिकवणारी ती होती.

त्याच आठवड्यात सुरेखा घरी आली. सुरेखा आमच्या गावठाणातली, तिची आरोही त्याच शाळेत, जुईच्या एक वर्ग खाली. सुरेखा एकटी आहे. पहाटे मासे आणायला बाहेर पडते, ती दुपारी येते. दारातच उभी राहिली.

"आरोहीला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलंय. पंख्याखाली. वास उडून जावा म्हणून."

"काढ तिला," मी म्हणाले.

"काढून काय करू? कोण बसंल तिच्याजवल?" तिचा आवाज चढला. "तुजी सुटली गो. माझीचा काय?"

इतके महिने मला वाटत होतं मी लढले. मी निघून आलेले. निघून येणंही सगळ्यांना परवडत नाही. माझ्याकडे नवरा होता, त्याची पाळी होती, सासू होती. सुरेखाकडे पाटी आहे. आणि मी आल्यानंतर तो डबा शाळेतच राहिलेला, मॅडमच्या कपाटात.

मी तक्रार लिहिली. शाळेने उत्तर दिलं नाही. मग शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेले. जुई सोबत होती. ती सगळीकडे सोबत असते, आमचं तसंच आहे.

साहेबांनी तक्रार वाचली, चष्मा काढला. "मुलगी तर तुम्ही काढून घेतलीत. आता तुमचा काय संबंध?"

"माझी बाहेर आली. बाकीची आत आहेत."

"मग त्यांच्या आईबापांना पाठवा."

"ते येणार नाहीत साहेब. त्यांच्या पोरांना उद्या त्याच वर्गात बसायचंय. माझ्या पोरीला नाही. तिला नापास करायची, कोपऱ्यात बसवायची भीती मला कोण घालणार? म्हणून मी आलेय."

साहेबांनी चष्मा परत लावला. "बघू. चौकशी लावू. पुढच्या महिन्यात या."

"आज कुणाला पाठवताय ते सांगा. तोवर आम्ही बसतो."

"बाई, असं होत नाही. किती वेळ बसणार तुम्ही? मुलीचा अभ्यास बुडतोय."

"बुडत नाही," मी म्हणाले. "मीच शिकवते तिला."

आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. त्यावर बसलो. शिपाई आला. "मॅडम, इथे बसायचं नाही. साहेब लंचला बाहेर पडतील, वाट मोकळी पाहिजे."

"उद्याही इथेच असू," मी त्याला म्हणाले. "परवाही. साहेबांना सांगा."

जुईने पिशवीतून पुस्तक काढलं. मांडीवर उघडलं. "कुठून वाचू?"

"पहिल्यापासून," मी म्हणाले. "मोठ्याने वाच. आत ऐकू गेलं पाहिजे."