बिनीवर जाणारे साडू

आमच्या साडूंच्या आधी कुठे पोचेल असा माणूस बीड जिल्ह्यात अजून जन्मायचाय. गाव त्यांचं नांदूरघाट, पण तिथे ते सापडतील तर शपथ. नात्यात कार्य निघालं की हे आदल्या दिवशी जाऊन वाट, पाणी, सावली बघणार आणि त्याला म्हणणार, ‘बिनीवर जाणं’. पुतण्याच्या लग्नात असेच एकटे आदल्या दुपारी मांडवात हजर. मुलाकडचं वडीलधारं माणूस अवचित आलेलं पाहून मुलीच्या बापाला वाटलं, लग्न मोडलं! तो मटकन खाली बसला, आणि हे त्याला शांतपणे विचारतात, “तुमच्या हिरीचं पानी मचूळ हाय का हो?”

पेपरात कुणा पुढाऱ्याच्या चेल्याला ‘बिनीचा शिलेदार’ म्हटलेलं दिसलं की साडू उखडतात. “फारशीत बिनी म्हंजे नाक. फौजेचं नाक! एक मुक्काम आधी जायाचं, धोका आपुन घ्यायचा, तवा मागचे सुखानं येणार. आन् तुमी हार घालून मिरवणाऱ्याला बिनीचा म्हनता, कावून?”

माझ्या मुलीची डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा बीडला होती. साडू आदल्या दिवशीच तिथे गेले; आम्हालाही चला म्हणाले. मी हसलो आणि परीक्षेच्याच दिवशी सकाळी मुलीला घेऊन माजलगावहून एसटीने निघालो. बीड पाच-सहा किलोमीटरवर असताना गाडी बंद पडली. परीक्षाकेंद्राचं गेट दीडला मिटणार, आणि एक वाजत आलेला. दोन जीप हात दाखवूनही थांबल्या नाहीत. साडूंना फोन केला. “तितंच थांबा,” एवढंच म्हणाले.

रिक्षा आली, ड्रायव्हरशेजारी साडू. मोठा रस्ता सोडून आदल्या दिवशी पायी तुडवलेल्या बोळांतून त्यांनी आम्हाला नेलं. दीडला दोन मिनिटं असताना मुलगी आत गेली.

गेट मिटल्यावर दुसरी एक मुलगी धापा टाकत आली. तिने गेट बडवलं, हात जोडले. कुणी उघडलं नाही. साडू तिच्याजवळ गेले.

“सैन्यभरतीला मी गेलतो, तवा माझं बी गेट असंच मिटलं, पोरी,” ते म्हणाले. “लई रडलो.”

वीस वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. तिचा बाप येईपर्यंत साडू तिच्याजवळ उन्हात बसून होते.