मुलापासून लपून, विहिणीबरोबर स्कीइंग

आमचा निखिल मराठी झकास बोलतो, पण वाचायचा त्याला कंटाळा. म्हणून हे इथे बिनधास्त लिहिते आहे.

फेब्रुवारीतल्या लाँग वीकेंडला व्हरमाँटला जायचं, हे त्याने आणि आमच्या सुनेने, ऋचाने ठरवलं. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला चौदा महिने झाले होते. सर्जन म्हणाले होते, "जपून करा, पण करा." निखिलने त्यातलं 'जपून' तेवढं ऐकलं.

"आई, तू लॉजमध्ये फायरप्लेसपाशी बसायचं. हॉट चॉकलेट पी, पुस्तक वाच. नो स्कीइंग, ओके?"

हे मला सांगणारा मुलगा दुसरीत होता तेव्हा त्याच्या शाळेच्या स्की क्लबला पालक कमी पडत होते. मी हात वर केला आणि त्याच्यासोबत आपटत आपटत शिकले. पुढे त्याने सोडलं, मी नाही. पण आता तो चौतीस वर्षांचा आणि मी गुडघेवाली. वर मला सोबत हवी म्हणून त्याने ऋचाच्या आईला टेक्सासमधल्या प्लेनोहून बोलावून घेतलं.

सुनंदाताई मूळच्या नागपूरच्या, मी सांगलीची. लग्नात त्या चार माणसांत म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे आमटीत साखर जरा सढळ हाताने घालतात, नाही?" तेव्हापासून आम्ही एकमेकींशी फक्त हवामानावर बोलत होतो.

मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या श्रूजबरीहून सकाळी सातला निघालो. रूट टू पकडायचा, मग इंटरस्टेट एक्क्याण्णववरून सरळ उत्तरेला. साधारण तीन तास लागतात. शेवटचा घाट अरुंद आहे, टायर चांगले हवेत. लिफ्टचा पास मात्र आधी ऑनलाइन काढून ठेवा, तिकिटाच्या खिडकीवर भाव ऐकून डोळे पांढरे होतात. गाडीत मागच्या सीटवर आम्ही दोघी, मध्ये तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. टेक्सासमध्ये कसं ऊन आहे, ते मला सविस्तर कळलं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मुलं डोंगरावर गेली. मी पंधरा मिनिटं पुस्तक उघडं धरून बसले आणि उठले. दिवसभरासाठी एक गाइड मी महिन्यापूर्वीच गुपचूप बुक करून ठेवली होती.

"जरा चक्कर मारून येते," मी म्हटलं.

"स्की पँट घालून?" सुनंदाताईंनी विणकामावरची नजर वर न करता विचारलं.

मी पकडले गेले होते. आता ही बाई फोन लावणार, असं वाटलं. त्यांनी सुया पिशवीत टाकल्या. "माझ्या मापाचे बूट मिळतील ना तिथे?"

गेली सहा वर्षं दर जानेवारीत त्या मैत्रिणींबरोबर न्यू मेक्सिकोत स्कीइंगला जातात. घरी सांगतात, योग शिबिर.

"खोटं कुठे आहे?" त्या म्हणाल्या. "वाकायचं, तोल सांभाळायचा, श्वासाकडे लक्ष द्यायचं!"

आमची जॅकेटं मुलं ओळखतील म्हणून दुकानातून सगळंच भाड्याने घेतलं. हेल्मेट, गॉगल, नाकावर मास्क. आरशात पाहिलं तर दोघी बँक लुटायला निघाल्यासारख्या.

गाइडचं नाव डॉटी, वय बाहत्तर. खालच्या गावात तीस वर्षं स्कूल बस चालवलेली. तिने पहिला प्रश्न विचारला, "किती येतं? खरं सांगा. पहिल्याच वळणावर मला कळणार आहे." आम्ही खरं सांगितलं, आणि वर नेणाऱ्या लिफ्टच्या पाळण्यात बसल्यावर मुलांपासून लपल्याचंही सांगितलं. ती इतकी हसली की पाळणा हलला.

हा डोंगर अवाढव्य आहे. सहा-सात शिखरं एकमेकांना जोडलेली, नकाशा हातात असूनही माणूस भलत्याच पार्किंग लॉटमध्ये उतरतो. गाइडचे पैसे जड वाटतात, पण इथे ते वसूल होतात. डॉटीने आधी आम्हाला पूर्वेच्या उतारांवर नेलं, कारण सकाळचं ऊन तिथे पहिलं पोचतं. रात्री यंत्र फिरवून विंचरलेला बर्फ, त्यावर आमच्या तिघींच्याच रेघा. सुनंदाताई काय सुरेख वळत होत्या! मी मनातून थोडी जळले, मग त्यांच्या मागे लागले. गुडघ्याने एकदा कुरकुर केली, मग गप्प बसला.

अकराच्या सुमाराला पाळण्यातच पुऱ्या काढल्या. डॉटीने एक खाल्ली, डोळे पुसले, दुसरी मागितली. "तिखट कमी आहे," सुनंदाताई म्हणाल्या. मी म्हटलं, "साखर नाही ना त्यात?" त्या खो खो हसायला लागल्या.

जेवणाआधी डॉटीने आम्हाला एका काळ्या उतारावर आणलं. इथे सोपे उतार हिरवे, मधले निळे आणि कठीण ते काळे. वाऱ्याने वरचा बर्फ उडून खाली नुसती काच उरली होती. डॉटी अचानक थांबली. उताराच्या मध्यावर लाल जॅकेटमधला एक माणूस आडवा बसला होता. एक स्की पायात, दुसरी वर झाडापाशी अडकलेली. ते जॅकेट मीच त्याला वाढदिवसाला दिलं होतं.

नंतर कळलं, ऋचा कॉफीला थांबली होती आणि हा वळण चुकून इथे आला होता. डॉटीने एकदा माझ्याकडे बघितलं. तिला सांगावं लागलं नाही.

ती स्की आणायला वर चढली. मी निखिलच्या खाली जाऊन स्की उताराला आडव्या लावून उभी राहिले, म्हणजे तो घसरला तर माझ्यावर यावा. सुनंदाताई त्याच्या वर उभ्या राहून येणाऱ्यांना हाताने बाजूला वळवत होत्या. "आय कान्ट," तो म्हणाला. "आय रिअली कान्ट."

तोच आवाज. दुसरीतला. माझा हात मास्ककडे गेला. पण चौतीस वर्षांच्या मुलाला आई आणि सासू, दोघींनी मिळून डोंगरावरून उतरवायचं? मी हात खाली घेतला आणि स्कीची काठी पुढे केली. त्याने घट्ट धरली आणि तो उभा राहिला.

"या बाई पुढे जातील," डॉटी त्याला म्हणाली. "त्यांच्या रेघेवरूनच यायचं. मी मागे आहे."

मी आयुष्यात इतकी रुंद, इतकी सावकाश वळणं घेतली नसतील. दर वळणाला थांबून मागे बघायचं, तो आला की पुढे सरकायचं. 'वाक रे गुडघ्यात' हे शब्द तीनदा दातांपर्यंत आले, तीनदा मास्क चावला. खाली पोचल्यावर त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "थँक यू, मॅम. थँक यू सो मच." मी मान हलवली आणि तडक निघाले, कारण गॉगलच्या आत पाणी जमलं होतं.

"मेधा," निखिलला ऐकू येणार नाही इतकं दूर आल्यावर मागून सुनंदाताईंनी हाक मारली, "जरा थांब गं!" अहो-जाहो तिथेच गळून पडलं.

मुलं परतायच्या आत आम्ही शेकोटीपाशी पुस्तक आणि विणकाम घेऊन हजर. रात्री बीन्स-चिलीच्या वाडग्यावर निखिल म्हणाला, "आई, यू वोन्ट बिलीव्ह, आज एक म्हातारी त्या ब्लॅक रनवर अडकली होती. मी तिला खाली आणलं."

"हो का?" मी म्हटलं. टेबलाखाली सुनंदाने माझ्या पायावर असा पाय दिला की ऑपरेशनचा गुडघा वाचला हेच नशीब.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. दोन दिवस गुडघ्यावर फ्रोझन मटारची पिशवी ठेवावी लागली, बाकी काही नाही. जायचं असेल तर अवश्य जा, गाइड घ्या, आणि आपल्याला किती येतं ते खरं सांगा. माझ्याजवळ मात्र उरलं ते वेगळंच: काठीच्या दुसऱ्या टोकाला जाणवलेलं त्याचं वजन. ते अजून हातात आहे.

परवा त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाला,

"आई, त्या दिवशी मी खोटं बोललो. अडकलो मी होतो. खूप घाबरलो होतो. एका बाईने मला खाली आणलं. काही बोलली नाही, पण दर टर्नला माझ्यासाठी थांबत होती."

सांगून टाकावं, असं अगदी मनात आलं. आधी सहज विचारलं, "म्हातारी होती का रे?"

"छे गं! फार तर चाळिशीची असेल. काय कंट्रोल होता तिचा!"

मग मी काहीच सांगितलं नाही.